खडूनं लिहिलेलं ‘पुढे’

बुकित बातोकच्या त्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षं आणि वर तीन महिने काम केलं. तेवढ्या काळात सिंगापूरच्या रस्त्यावर चालेल अशा एकाही गाडीला माझा हात लागला नाही. आमच्याकडे यायच्या त्या जुन्या शर्यतीच्या गाड्या. ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर पळवलेल्या, एकाच माणसाला कशीबशी बसता येईल अशा, मागे निमुळत्या होत गेलेल्या. तिकडचे हौशी म्हातारे त्या लाकडी पेट्यांत घालून बोटीनं पाठवायचे. आम्ही त्यांचे शाफ्ट, गिअर आणि मागचे अ‍ॅक्सल नव्यानं करायचो, गाड्या पुन्हा पेटीत घालायचो आणि परत पाठवायचो. त्या गाड्या ट्रॅकवर पळताना मी आजतागायत पाहिलेल्या नाहीत.

या गाड्या फक्त डावीकडे वळायला बनवलेल्या असतात. ट्रॅक गोल, सगळी शर्यत डावीकडे, मग उजवीकडे वळायचं कारणच काय. म्हणून उजव्या बाजूचं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं आणि मागचा अ‍ॅक्सल एकसंध. आमच्या गाळ्यात गाडी सरळ ढकलायला जावं तर आपली हळूहळू डाव्या भिंतीकडे सरकायची. गिअरबॉक्स म्हणतात ते नुसतं म्हणायला, त्यात गिअरच नसतात. एक दांडी आणि तिच्या दोन जागा, ‘इन’ आणि ‘आउट’. इन म्हणजे इंजिन चाकांना जोडलेलं, आउट म्हणजे सुटलेलं. स्टार्टरही नसतो. दांडी इनमध्ये टाकायची, मागून दुसऱ्या गाडीनं ढकलायचं, चाकं इंजिनाला फिरवतात आणि मग इंजिन पेट घेतं. पहिल्या दिवशी मी बॉसला विचारलं होतं, रिव्हर्स कुठे आहे? त्यानं माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. तिथल्या सवयीनं ‘लाह’ जोडून म्हणाला, “रेस कार, लाह. गो बॅक फॉर व्हॉट?”

बॉस साठीचा चिनी माणूस. अर्धी चड्डी, बनियन, कानावर पेन्सिल. आधी मासेमारीच्या बोटींचे गिअरबॉक्स दुरुस्त करायचा, त्यातूनच या जुन्या गाड्यांच्या नादी लागला. गाळा तळमजल्यावर, पुढे एक शटर, मागे खिडकी नाही. दोन पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलायचे. त्या हवेत कटिंग ऑइलचा आणि शेजारच्या गाळ्यातल्या सुक्या माशांचा वास कायमचा मिसळलेला असायचा. दुपारी तीननंतर तिथं माणसानं थांबू नये अशी परिस्थिती असायची. आम्ही सहापर्यंत थांबायचो.

त्याआधी नऊ वर्षं मी बोटीवर इंजिनिअर होतो. सिंगापूरच्या बंदरात आमची बोट दर फेरीला लागायची. एकदा तिच्या एका छोट्या गिअरबॉक्सचं काम याच माणसाकडे आलं आणि मी चार दिवस त्याच्या लेथवर उभा राहून ते करून घेतलं. पाचव्या दिवशी त्यानं मला नोकरी देऊ केली. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना मिळेल, बायको-मुलीलाही आणता येईल, भाड्याचा फ्लॅट बघून देतो. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, आणि लग्न झाल्यापासून आम्ही नवरा-बायको सलग सहा महिनेसुद्धा एका छपराखाली राहिलो नव्हतो. मी ठाण्याला फोन केला.

बायको ठाण्यात एका बँकेत होती, परीक्षा देऊन लागलेली. काउंटरवरची बाई म्हणून लोक तिला रस्त्यात ओळखायचे, आणि ते तिला आवडायचं, ती लपवायचीही नाही. तिनं दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली. मॅनेजरनं ती दिली, पण बजावून सांगितलं, दोन वर्षांनी जूनच्या पहिल्या तारखेला खुर्चीत दिसला नाहीत तर ती खुर्ची तुमची नाही. तिनं मला तेच शब्द फोनवर ऐकवले आणि विचारलं, दोन वर्षं म्हणजे दोनच ना? मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

ती मला अरे-तुरे करायची. आमच्या घरात आणि तिच्याही घरात ते थोडं खटकायचं, पण आम्ही लग्नाआधीपासून ओळखीचे होतो आणि तिला दुसरं काही जमायचं नाही. खरी चिडली की मात्र ‘तुम्ही’वर यायची. मुलीच्या बारशाला मी समुद्रात होतो, तेव्हा परत आल्यावर दोन दिवस ‘तुम्ही’ चाललं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून “अरे, मीठ बघ किती पडलंय” असं म्हटलं आणि मला हायसं वाटलं.

तर आम्ही बुकित बातोकला नवव्या मजल्यावर राहायला लागलो. नवऱ्याच्या आधारानं मिळणाऱ्या डिपेन्डन्ट पासवर तिला नोकरी करायला बंदी. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, मार्केटमधून भाजी आणायची, दुपारी समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बाहेर आलेल्या बांबूंवरचे कपडे बघायचे. ठाण्याहून तिच्या बहिणीनं पाठवलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ती पुरवून पुरवून वाचायची, जाहिरातींसकट. तक्रार करायची नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिना संपला की त्यावर फुली मारायची. तुरुंगात असल्यासारखं काय चालवलंयस, असं मी एकदा वैतागून म्हणालो. ती म्हणाली, मग काय करू, सांग.

आणि मी तरी कुठे मोकळा होतो. माझा पासपोर्ट बॉसच्या लोखंडी कपाटात असायचा. पासच्या कामाला लागतो, असं तो सांगायचा. कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. करार दोन वर्षांचा होता, तो मार्चमध्ये संपणार होता. फेब्रुवारीत त्यानं माझ्यापुढे नूतनीकरणाचा कागद ठेवला. ही एक गाडी कर, मग तू मोकळा. मी सही केली आणि घरी सांगितलं की नुसता उपचार आहे, मेच्या मध्यावर आपण निघू. ‘आफ्टर धिस कार’ हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून त्याआधी तीनदा ऐकलं होतं, हे सांगायचं राहून गेलं.

ती गाडी निळी होती. तिचा मालक ऑस्ट्रेलियातला सत्तरीचा शेतकरी. गाडी त्याच्या थोरल्या भावानं पळवलेली, भाऊ आता हयात नव्हता. मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग, म्हणजे गिअर ज्यात बसतात ते ओतीव कवच, तडकलेलं होतं. म्हाताऱ्याला नुसती दुरुस्ती नको होती, सुधारणा हवी होती. मागचं एक झाकण उघडून दोन गिअर अदलाबदल केले की ट्रॅकप्रमाणे गाडीचा वेग बदलता यावा, पण बाहेरून सगळं जुनंच दिसावं. थोडक्यात, पूर्ण नवा अ‍ॅक्सल करून त्याला जुन्याचा चेहरा द्यायचा. साचा मी काढला, ओतकाम बुकित बातोकच्याच एका फाउंड्रीत झालं, आतली भोकं कोरायचं बोअरिंग मी स्वतः केलं. असं काम मला बोटीवर जन्मात मिळालं नसतं. दिवसभर मी त्या गाळ्याला शिव्या द्यायचो आणि संध्याकाळी शटर पाडताना पुन्हा आत डोकावून त्या हौसिंगकडे एकदा बघायचो.

प्रत्येक भागावर मी खडूनं बाण काढायचो आणि ‘पुढे’ असं लिहायचो. बॉस चिनीत लिहायचा, ते मला कळायचं नाही. इंग्रजीत लिहिलं तर त्याच्या आणि माझ्या खुणांची सरमिसळ व्हायची. म्हणून मी मराठीत लिहायला लागलो. वर्षभरात त्याला तो एक शब्द चित्रासारखा ओळखता यायला लागला. ‘पू-डे’ म्हणायचा. व्हेअर इज युअर पू-डे?

एका शनिवारी बायको डबा घेऊन मुलीसकट गाळ्यावर आली. मुलीनं खडूचं अक्षर बघितलं आणि काय लिहिलंय ते विचारलं. मराठी तिला बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. मी सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, पुढे म्हणजे फ्रंट की आफ्टर? दोन्ही, असं तिची आई म्हणाली. त्यावर ती तिच्या शाळेतल्या ठसक्यात म्हणाली, “कॅनॉट लाह, आई. वन वर्ड, टू थिंग्ज, हाउ टु नो?” बायको हसली. म्हणाली, बाबांना विचार, ते रोज म्हणतात, पुढे बघू.

आता चूक कशी झाली ते सांगतो, कारण तशी चूक बोटीवरचा माणूसच करू जाणे. म्हाताऱ्यानं पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं की इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं. मोटारीचं इंजिन फिरतं कसं, हे मोटारवाले तिच्या पुढ्यात, नाकासमोर उभे राहून बघतात. बोटीवर आम्ही ते मागून बघतो, बोटीच्या शेपटाकडे उभं राहून, तोंड पुढच्या दिशेला करून. नऊ वर्षं मी असाच उभा राहिलो होतो. पुढून जे काट्याच्या दिशेनं फिरतं तेच मागून उलटं दिसतं, हे शाळेतल्या पोराला कळेल. मी कागद वाचला, मागे उभा राहिलो आणि हिशोब मांडला, शाफ्ट मागून काट्याच्या दिशेनं फिरला की चाकं पुढच्या दिशेला फिरली पाहिजेत. मी समाधानानं खडू घेतला, बाण काढला आणि ‘पुढे’ लिहिलं. मग त्या हिशोबानं चाकांना फिरवणारा क्राउनचा मोठा गिअर शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या पिनियनच्या ज्या बाजूला बसवायचा त्याच्या बरोबर उलट बाजूला बसवला. हौसिंग त्याच बाजूसाठी ओतलं, त्याच बाजूसाठी बोअर केलं. इंजिन तेव्हा आमच्याकडे नव्हतंच. ते म्हाताऱ्याबरोबर वेगळ्या पेटीतून आलं, चाचणीच्या आठवडाभर आधी.

चाचणी मेच्या पहिल्या रविवारी, सकाळी, जुरोंगकडच्या एका रिकाम्या लाकडाच्या वखारीच्या आवारात होती. बॉसच्या ओळखीनं मिळालेली जागा. म्हातारा भावाचा जुना चामडी टोप घालून गाडीत बसला. बॉसनं व्हॅनच्या पुढच्या बंपरला टायर बांधला आणि ढकलायला सुरुवात केली. इंजिनानं खोकून कार्ब्युरेटरच्या तोंडातून धूर ओकला आणि ते थांबलं. पुन्हा ढकललं. पुन्हा धूर, या वेळी एक लाल जीभही बाहेर आली. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं टायमिंग चुकलंय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मॅग्नेटो उघडला, तपासला, लावला. तासभर तेच. बॉस आणि म्हातारा दोघांची डोकी इंजिनात, आणि मी माझं काम चोख झालंय म्हणून निवांत बाजूला उभा. मग पुढच्या वेळी ढकलताना मी सहज गाडीच्या नाकासमोर जाऊन उभा राहिलो. पुढची पुली फिरायला लागली. उलटी.

चाकं पुढे फिरत होती आणि इंजिनाला उलटं फिरवत होती. उलटं फिरवलेलं इंजिन चालू होणार नाही, कितीही मॅग्नेटो उघडले तरी. त्या आवारात हे फक्त मला माहीत होतं. मग बॉसजवळ गेलो आणि हळू आवाजात सांगितलं की मागून नको, नाकाकडून ढकल. त्याला कळेना. मी पुन्हा सांगितलं. त्यानं व्हॅन वळवून पुढे आणली, टायर गाडीच्या नाकाला टेकवला आणि मागच्या दिशेला रेटलं. दहा फुटांतच इंजिन धडाडलं. आणि ती निळी गाडी, जिला रिव्हर्स नाही, जिच्या जातीत कोणालाच रिव्हर्स नाही, ती म्हाताऱ्याला घेऊन उलटी पळत सुटली. पिंपांच्या रांगेपाशी त्यानं कशीबशी दांडी ओढून आउट केली आणि ब्रेक मारला.

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझा भाऊ हिला आयुष्यात कधी मागे नेऊ शकला नाही, असं म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मला जेवढी लाज वाटली तेवढी कोणत्याही चीफ इंजिनिअरच्या ओरडण्यानं वाटली नव्हती.

दुपारी गाळ्यावर आल्यावर बॉसनं कपाट उघडलं. मला वाटलं कागद काढतोय. त्यानं माझा पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाला, “यू गो होम. युअर वाइफ वेट लाँग टाइम आल्रेडी. आय फाइंड अनदर मॅन, स्लोली फिक्स.” आवाजात राग नव्हता. दोन वर्षं ज्या दाराला मी डोकं आपटत होतो ते त्यानं सहज उघडून दिलं होतं. मी पासपोर्ट उचलला, शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणालो, “नो. आय फिक्स. फाइव्ह वीक्स.” त्यानं खांदे उडवले. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. उलटी पळालेली गाडी माझ्या हातची होती, आणि दुसऱ्या कोणी ती सरळ केलेली मला सहन झाली नसती. याला अभिमान म्हणा, हट्ट म्हणा. मी आजही त्याला चांगलं नाव देऊ शकत नाही.

घरी गेल्यावर मी बायकोला सगळी हकीगत सांगितली. उलटी गाडी ऐकून ती हसली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून. मुलगीही काही न कळता हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि विचारलं, मग आपण कधी निघायचं? मी म्हणालो, “तो सोडत नाहीये. गाडी सरळ झाल्याशिवाय पासपोर्ट देणार नाही म्हणतो.” पासपोर्ट तेव्हा माझ्या छातीवर होता, घामानं ओला झालेला. इतकं साफ खोटं मी त्याआधी तिच्याशी बोललो नव्हतो, आणि ते अगदी सहज तोंडातून निघालं. तिनं माझा खांदा दाबला. म्हणाली, “अडकलास रे.” अंघोळीला जायच्या निमित्तानं मी आत गेलो आणि पासपोर्ट कपाटावरच्या जाड फाइलमध्ये, माझ्या बोटीवरच्या सर्टिफिकेटांच्या मागे सरकवून दिला. त्यानंतर ती फाइल उघडायची माझी हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी तिनं विचारपूर्वक मांडलं. आम्ही दोघी पुढे जातो, तू मागून ये. मी नको म्हणालो. याचसाठी बोट सोडली का मी, असं मोठ्यानं विचारलं. बँकेला रजा वाढवून मागावी, महिनाभराचा तर प्रश्न आहे. तिनं इंग्रजीत अर्ज लिहिला, पोस्टात जाऊन तो फॅक्स केला. चार दिवसांनी तिथल्या मैत्रिणीचा फोन आला. मॅनेजरनं अर्ज वाचून बाजूला ठेवला होता आणि पहिली तारीख म्हणजे पहिली तारीख असं सांगितलं होतं. मग ती म्हणाली, मी येते तुझ्या बॉसकडे, मीच बोलते, बाईमाणसाचं ऐकेल. मी घाईघाईनं तिला थांबवलं. तो तिरसट आहे, पासच रद्द करेल, असं काहीबाही सांगितलं. जो माणूस दोन वर्षांत माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता, ज्यानं चिनी नववर्षाला मुलीसाठी संत्र्यांची पेटी पाठवली होती, त्याला मी माझ्या स्वयंपाकघरात राक्षस करून ठेवला.

ते आठवडे मला नीट आठवतात. गाळ्यात मी नव्या हौसिंगचा साचा काढत होतो, आणि तिथं बरं वाटायचं, हे कबूल करतो. तोच उकाडा, तोच वास, पण तिथं निदान चूक समोर टेबलावर पडलेली होती आणि ती कशी सुधारायची ते मला माहीत होतं. सहा वाजले की निघावं लागायचं. लिफ्टमधून नवव्या मजल्यावर जाताना मी दर मजल्यावर ठरवायचो की आज सांगून टाकू. दार उघडायचं, ती पाणी आणून द्यायची, थकलास ना म्हणायची, आणि सांगणं पुढे ढकललं जायचं. तिची दया खाल्ल्यावर मला जेवण जायचं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी ती विचारायची थांबली. माझ्या ते लगेच लक्षातही आलं नाही. उलट मला बरंच वाटलं. फक्त एकदा, भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “बॉसनं पासपोर्टचं काही म्हटलं का?” मी म्हणालो, नाही अजून. “नक्की ना?” नक्की, मी म्हणालो. ती पुढचं भांडं पुसायला लागली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिनं दोन तिकिटं काढून आणली, एक पूर्ण आणि एक अर्धं. नोकरी घालवू शकत नाही, एवढंच म्हणाली. मी फारसा वाद घातला नाही. मी मागून येतोच, असं म्हणालो.

चांगी विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. मुलीला खिडकीची जागा मिळेल का याचीच काळजी होती. आत जायच्या रांगेत बायकोनं पर्स उघडली. मला वाटलं, घराची किल्ली देतेय. तिनं माझा पासपोर्ट काढला आणि माझ्या हातात ठेवला.

“हा तुमचा,” ती म्हणाली. “हिचा जन्मदाखला शोधताना फाइलमध्ये सापडला. तीन आठवडे होत आले. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

ती चिडलेली दिसत नव्हती, थकलेली दिसत होती. म्हणाली, “तुम्ही नुसतं सांगितलं असतंत की मला हे काम पुरं करायचंय, तर मी हो म्हटलं असतं.” मग तिनं मुलीचा हात धरला. मुलीनं वळून मला विचारलं, “बाबा, तू मागून येणार ना?” मी मान हलवली. त्या दोघी काचेपलीकडे गेल्या, आणि मी पासपोर्ट हातात धरून किती वेळ उभा होतो ते आता सांगता येत नाही. हातात पासपोर्ट, समोर विमानतळ, कोणी अडवायला नाही, आणि मला जायला जागा नव्हती. तिथून मी बस पकडून थेट गाळ्यावर गेलो. शटर बंद होतं, कारण तो रविवार होता. मी शटरपाशी पायरीवर बसलो आणि रडलो. शेजारच्या गाळ्यातली बाई सुके मासे उन्हात पसरत होती, तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा त्याच आवारात नेली. म्हातारा बसला, व्हॅननं मागून ढकललं, इंजिन पहिल्या झटक्यात धडाडलं आणि गाडी पुढे निघाली. आवाराला डावीकडून मोठा वळसा घालून ती परत आमच्यापाशी आली. बॉसनं मला अंगठा दाखवला आणि ओरडला, “पू-डे!” म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. त्या क्षणासाठी मी सगळं केलं होतं, आणि मला तिथून फक्त निघायचं होतं.

महिनाअखेर मी ठाण्याला पोचलो. ती बँकेतून आली, चप्पल काढली, मला बघितलं. प्रवास कसा झाला विचारलं. मग ओट्याकडे जाता जाता म्हणाली, “तुम्ही चहा घेणार का?” मी घेतला. मनात म्हटलं, दोन दिवस चालेल, फार तर आठवडा. मग मीठ सांडेल, दूध उतू जाईल, आणि तिच्या तोंडून ‘अरे’ निघेल. मी माफी मागितली, एकदा नव्हे, अनेकदा. तिनं दर वेळी ऐकून घेतली, आणि जाऊ द्या आता, असं म्हणाली. ती मला टाकून बोलली नाही, तिनं माझं आजारपण काढलं, मला डॉकमध्ये नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले. संसारात काही कमी केलं नाही.

त्याला आता वीस वर्षांवर काळ लोटला. ती बँकेतून निवृत्त झाली. निरोपसमारंभात तिच्या मैत्रिणी मला म्हणाल्या की इतकी शिकलेली, मिळवती बाई, पण नवऱ्याला किती मानानं हाक मारते, अहो-जाहो केल्याशिवाय बोलत नाही, हल्ली असं कुठे बघायला मिळतं. आमच्या मुलीलाही वाटतं की आई जुन्या वळणाची आहे. मी हसतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर पासपोर्टपासून सांगावं लागेल.